अर्धवेळ नोकरी आणि पूर्णवेळ मूल

आपल्या भाषेत मूल ‘वाढते’. ते कोणी वाढविले हे सांगण्याची जबाबदारी हे क्रियापद आपल्या अंगावर घेत नाही. ‘किती वाढला हो मुलगा!’ असे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बांधावरचे एखादे आपोआप उगवलेले झाड असावे. पाऊस पडला, ऊन पडले, झाड वाढले. परंतु आम्ही पडलो कोकणातील. झाड आपले आपण वाढते, हे पोफळीच्या आगरात राबलेल्या माणसास कोणी सांगू नये. भर उन्हाळ्यात शिंपण चुकले तर पोफळ मान टाकते, आणि पुढच्या सुपारीचा हिशेब आजच बुडीत खाती मांडावा लागतो. मुलाचेही तसेच आहे. फरक एवढाच, की आगरात शिंपण करणाऱ्या गड्याची मजुरी आमचे पूर्वज वहीत नियमाने लिहून ठेवीत. घरात मुलाला शिंपण घालणाऱ्या माणसाच्या नावाचे पान मात्र त्या वहीत नसे.

ते माणूस बहुधा बाईमाणूस असे. रत्नागिरी जिल्ह्यातील घरे जुन्या पद्धतीने नांदताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस याची आठवण सहज होईल. कर्ता पुरुष मुंबईस चाकरीला, महिन्याकाठी मनिऑर्डर, आणि ओटीपासून मागल्या दारापर्यंतचा सारा कारभार बायकांच्या हाती. एखादी सून भाताच्या लावणीस गेली तरी तिचे तान्हे माजघरातील पाळण्यात सुखाने निजलेले असे. कारण पाळण्याच्या दोरीला आजीचा हात असे, आणि आजी थकली असेल तर एखाद्या आत्याचा. ही आत्या पुष्कळदा बालविधवा असे. दोन वेळचे जेवण आणि वर्षाची दोन लुगडी एवढ्यावर ती भावांची सारी पोरे लहानाची मोठी करी. आत्या नसेल तेथे घरातील थोरली मुलगी उभी राही. आणि तिच्या कडेवर भावंड आले की हातातील पाटी सुटे. हे सर्व प्रेमाने होत असे, हे आम्हांस मान्य आहे. पण प्रेमाने केलेल्या कामास खर्च येत नाही, हा सिद्धान्त मात्र आम्हांस मान्य नाही. तो खर्च आत्याच्या आयुष्यातून आणि थोरलीच्या शाळेतून वसूल होत असे, इतकेच.

ह्याच जिल्ह्यातील मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यास अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला. पुढे हिंगण्यास त्या संस्थेने मूळ धरले, आणि माजघरातील आत्या शिकून शिक्षिका झाली, परिचारिका झाली, स्वतःच्या मिळकतीवर उभी राहिली. १९१६ साली त्यांनीच स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. ह्या कार्याचे ऋण आमच्यासारख्या शिक्षकांनी तरी कधी विसरू नये. परंतु सुधारणेच्या इतिहासात एक कलम लिहावयाचे राहून गेले. आत्या घराबाहेर पडली त्या दिवशी पाळण्याची दोरी रिकामी झाली, आणि ती यापुढे कोणी धरावयाची, ह्याचा हिशेब त्या वेळी कोणी केला नाही. ती सुनेनेच धरावी असे गृहीत धरण्यात आले. आणि मग त्याच सुनेला आपण पदवीधर केले.

आज ती सून नोकरी करते. ‘नोकरी’ ह्या शब्दाने वाचकांनी दहा ते साडेपाचची खुर्ची, एक तारखेचा पगार आणि अखेरीस निवृत्तिवेतन असे चित्र मात्र रंगवू नये. आमच्या गावातील बायकांच्या नोकऱ्या पुष्कळशा तुकड्यातुकड्यांच्या आहेत. कोणी सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात तीन तास बसते, कोणी दुपारी वकिलाच्या कचेरीत कागद तयार करते, कोणी संध्याकाळी शिकवण्या घेते. काजूच्या कारखान्यातील बाई सोललेल्या गराच्या वजनावर मजुरी नेते. आंब्याचा रस डब्यात भरण्याचे काम हंगामापुरते. मिरकरवाड्यास बोटी लागतील तेव्हा मासळी निवडण्याचे आणि कोलंबी सोलण्याचे काम निघते. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यास ओढल्या की ते थांबते. आणि ज्या विद्यामंदिरांत आमचे आयुष्य गेले तेथेही आता ‘तासिका तत्त्व’ नावाचे एक तत्त्व नांदते. तत्त्वज्ञानाच्या कोणत्याही ग्रंथात ते आढळावयाचे नाही. त्याचा अर्थ एवढाच, की शिकविलेल्या तासाचे पैसे मिळतील. न शिकविलेल्या तासांत शिक्षक काय खातो, हा प्रश्न त्या तत्त्वाच्या कक्षेबाहेरचा आहे.

ह्या बायकांस अर्धे काम का पत्करले असे विचारावे, तर पुष्कळींचे उत्तर एकच येते: घरी लहान मूल आहे. बरे, मुलाची सोय का लागत नाही असे विचारावे, तर उत्तर येते: पुरती नोकरी नाही, सोय परवडत नाही. मूल आहे म्हणून नोकरी अर्धी, आणि नोकरी अर्धी म्हणून मुलाची सोय नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात ह्यास अन्योन्याश्रय दोष म्हणतात व तो दाखवून दिला की विद्यार्थ्यास पुरे गुण मिळतात. संसारात तो दोष दाखवून देणाऱ्या बाईस अद्याप कोणी गुण दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे उदाहरण सांगतो. ती आता स्वतः अध्यापिका आहे, अर्थात तासिका तत्त्वावरील. पती लोट्याच्या एका कारखान्यात पाळीने कामास जातो. सासूबाई लांज्याकडील गावी गुरेढोरे आणि अंथरुणास खिळलेले सासरे सांभाळतात. मूल चौदा महिन्यांचे. हिचा पहिला तास सकाळी पावणेआठला आणि दुसरा साडेअकराला. मधल्या वेळात घरी जाऊन येण्यास रिक्षाला जे पडते ते एका तासाच्या मिळकतीस जड जाते, म्हणून मूल पाळणाघरात ठेवावे लागते. आता येथे गंमत अशी, की महाविद्यालय शिक्षिका तासावर घेते, पण पाळणाघर मूल तासावर घेत नाही. मिळकत तासाची आणि फी महिन्याची! दिवाळीच्या सुटीत तास नाहीत, परीक्षेच्या दिवसांत तास नाहीत, मे महिन्यात तर अजिबातच नाहीत. पण जागा राखून ठेवावयाची तर पाळणाघराची फी बाराही महिने चालू. शिवाय तासांचे पैसे कधी दोन महिन्यांनी मिळतात, कधी चार. फी मात्र दर महिन्याच्या पाच तारखेस. एके दिवशी ती आमच्याकडे येऊन म्हणाली, “सर, ह्या खर्चाला सरकारची काही मदत मिळते का हो? अर्ज करायचा झाला तर मायना तुम्ही सांगा.”

तीस वर्षांच्या अध्यापनात आम्ही दुसरे काही शिकलो असू वा नसू, अर्ज लिहावयास खास शिकलो आहो. तिला म्हटले, “अर्ज लिहू; पण मागायचे ते कोणत्या आधारावर, हे आधी पाहू.” आणि ते पाहता पाहता आम्हांस जो इतिहास आढळला तो वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

आपल्या प्रांतातील ह्या विषयाचा पहिला कायदा १९२९ सालचा, मुंबईचा प्रसूतीलाभ कायदा. त्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळापुढे होते तेव्हा, १९२८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. आंबडवे हे त्यांचे मूळ गाव आमच्याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा होता, की प्रसूतीच्या काळात आईस विसावा मिळण्यात राष्ट्राचेच हित आहे. यास्तव त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावयास हवा. सरकार उचलीत नाही तोवर, स्त्रियांस कामावर ठेवून ज्याचा फायदा होतो त्या मालकाने तो उचलणे रास्त होय. ‘मूल कोणाचे?’ ह्या प्रश्नास ‘आईचे’ ह्याहून निराळे उत्तर त्या सभागृहात दिले गेले, हे आम्ही फार मोठे मानतो. दुर्दैवाने पुढील कायद्यांनी त्या विचाराचा उत्तरार्ध तेवढा उचलला. भार मालकावर पडला, सरकार बाजूस उभे राहिले. आणि मालकानेही तो कोणकोणत्या परिस्थितीत उचलावयाचा, ह्याचे आकडे ठरू लागले.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ती संख्या तीसवर आली. तीस बायकांच्या कारखान्यात मुले नसतात व एकतीसावी बाई आली की ती एकदम जन्मास येतात, असे काहीसे विधिमंडळाचे जीवशास्त्र असावे. १९६१ च्या प्रसूतीलाभ अधिनियमात २०१७ साली दुरुस्ती झाली. तिने पगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराचे बंधन घातले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते घेण्यात आले. ह्या दुरुस्तीत एक गोष्ट मोठी लक्षणीय आहे. पूर्वीचा कायदा बायका मोजीत असे. हा नुसते ‘कर्मचारी’ मोजतो, म्हणजे मुलास बापही असतो हे सत्य एकोणसत्तर वर्षांच्या विचारान्ती कायद्याच्या ध्यानात आले. मात्र दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन येण्याची मुभा त्याने आईसच दिली. सत्य एकदम सगळे पचनी पडत नाही, हेच खरे.

अर्धवेळच्या बाईस ह्यात आधार काहीच नाही, असे मात्र नव्हे. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील मजूर स्त्रियांच्या प्रकरणी २००० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की रोजंदारीवरील बाईसही प्रसूतीलाभ मिळाला पाहिजे. बाळंतपण कायम आणि हंगामी असे दोन प्रकारचे नसते, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु बाळंतपणाची रजा ही सव्वीस आठवड्यांची गोष्ट. मूल त्यानंतरही राहते. ते पुढची पाच वर्षे कोठे राहावे?

येथे अंगणवाडीचे नाव निघणार हे उघड आहे. ज्या ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभारला, त्यांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला. पुढे १९५७ पासून त्यांचे आणि अनुताई वाघांचे काम कोसबाडच्या टेकडीवर चालले. आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, ह्या विचारातून ‘अंगणवाडी’ हा गोड शब्द जन्मास आला. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी नांदत, म्हणजे थोरल्या बहिणीस धाकट्यापायी शाळा सोडावी लागू नये. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा सरकारने तो शब्द उचलला. शब्द उचलला, अंगणही उचलले. विकासवाडीतील पाळणा मात्र कोसबाडलाच राहिला. अंगणवाडीची शाळा तीन वर्षांवरील मुलांसाठी आणि तीही दिवसातील काही तासांपुरती. तीन वर्षांखालील मुलास घरी न्यावयाचा आहार मिळतो, लस टोचली जाते, त्याचे वजन नियमाने घेतले जाते. ही सेवा लहान नव्हे. तिने असंख्य मुले वाचविली आहेत. परंतु आमच्या विद्यार्थिनीचे मूल चौदा महिन्यांचे. त्याचे वजन सरकार महिन्यातून एकदा करते; ते उरलेले सारे दिवस उचलून धरावयाचे काम आईकडेच राहते.

खुद्द पाळणाघरांची सरकारी योजनाही आहे, आणि तिचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. २००६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना म्हणून ती चालली. महिन्यातून किमान १५ दिवस, अथवा वर्षातून सहा महिने काम करणाऱ्या आईचे मूल तीत पात्र ठरे. हा नियम वाचून आम्हांस खरोखर आनंद झाला. कोणा समजूतदार अधिकाऱ्याने तो लिहिताना काजूवाली, मासळीवाली आणि तासिकेवाली डोळ्यांपुढे आणली असावी. पुढे २०२२ मध्ये ‘पाळणा’ ह्या नावाने योजनेचा नवा अवतार झाला. तिने तर नोकरीची अटच काढून टाकली. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांस दिवसाचे साडेसात तास सांभाळणारी पाळणाघरे अंगणवाड्यांस जोडावी, असे ठरले. नियम असा उत्तरोत्तर उदार होत गेला. मात्र ज्या काळात नियम उदार झाले त्याच काळात पाळणाघरे मिटत गेली. एकेकाळी देशभर वीस हजारांहून अधिक असलेली पाळणाघरे, २०१७ मध्ये खर्चाची वाटणी केंद्र, राज्य आणि स्वयंसेवी संस्था यांत नव्याने झाल्यावर, काही हजारांवर आली. नव्या योजनेचे उद्दिष्ट १७,००० पाळणाघरांचे. देशातील अंगणवाड्या १३ लाखांहून अधिक. येणेप्रमाणे आमच्या विद्यार्थिनीची पात्रता पुरी सिद्ध झाली. तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर पाळणाघर तेवढे नव्हते.

तरीही अर्ज लिहिला. तो घेऊन आम्ही दोघे एका कचेरीत गेलो. तेथील कारकून सौजन्याची मूर्ती होते. त्यांनी खुर्ची दिली, अर्ज वाचला, आणि विचारले, “मॅडम, आपली नोकरी पर्मनंट आहे का?” नाही म्हणताच, “मग दारिद्र्यरेषेखालचे कार्ड?” तेही नव्हते. थोडा विचार करून ते आमच्याकडे वळले. “सर, आजीकडे नाही का ठेवता येणार बाळाला?” हा प्रश्न कुत्सितपणे विचारलेला नव्हता. त्यांस खरोखरच तो सर्वांत सरळ उपाय वाटला. अर्जाची नोंद झाली, आवक क्रमांक मिळाला. निघताना सहज बोलण्यात आले, की त्यांच्या घरातूनही अंगणवाडीचे काम आहे; सौभाग्यवती सेविका आहेत. “मग आपले मूल?” आम्ही विचारले. ते हसून म्हणाले, “शेजारच्या काकूंकडे.”

ह्या हसण्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. देशाची मुले सांभाळणारी बाई स्वतः सरकारच्या लेखी कित्येक वर्षे नोकर नव्हतीच, ती ‘मानसेवी’. तिला पगार नाही, मानधन. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत असा निर्णय दिला, आणि त्यांचे काम अर्धवेळचे आहे ही सबब मान्य केली नाही. म्हणजे मूल सांभाळावयास जी ठेवली तीही कागदोपत्री अर्धीच, आणि जिचे सांभाळावयाचे तीही अर्धी. पुरते असे ह्या सर्व व्यवहारात एक मूलच.

आता परदेशाकडे वळू. आमच्या आळीतील एक मुलगी विलायतेत कायमची स्थायिक झाली आहे आणि तेथे आठवड्यातून तीन दिवस नोकरी करते. तिच्या तोंडून ऐकलेली तेथील व्यवस्था आम्ही पडताळून पाहिली. सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडात नऊ महिन्यांवरील मुलास, आईबाप दोघेही कामावर असतील तर, वर्षाचे ३८ आठवडे दर आठवड्यास ३० तास सरकारी खर्चाने पाळणाघर मिळते. अट अशी की प्रत्येकाची मिळकत सरासरीने आठवड्यास सोळा तासांच्या किमान मजुरीइतकी तरी असावी, आणि वर्षास एक लक्ष पौंडांवर नसावी. ह्याखेरीज आईबापांनी पाळणाघरासाठीच्या खात्यात ८ पौंड भरले की सरकार त्यात २ पौंड घालते. एका मुलामागे वर्षास २,००० पौंडांपर्यंत. ह्यातील सोळा आणि तीस हे आकडे वाचकांनी शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. सोळा तास काम करणाऱ्या बाईस तीस तासांचे पाळणाघर! ज्याने हा नियम केला त्यास एवढे ठाऊक होते, की बाई कामावर नसते तेव्हाही बसच्या रांगेत असते, बाजारात असते, आजारी असते, किंवा पुढच्या पुऱ्या नोकरीसाठी अभ्यास करीत असते.

म्हणून तेथे स्वर्ग अवतरला आहे, असे आमचे म्हणणे नाही. दर तीन महिन्यांनी आपली पात्रता पुन्हा कळवावी लागते. विसरले की मदत थांबते. नर्सरीत जागेसाठी वाट पाहावी लागते. आणि उरलेल्या आठवड्यांचे काय? त्याचे उत्तर आमच्या आळीतच मिळते. त्या मुलीची आई सहा महिन्यांचा पाहुण्यांचा परवाना काढून, आमसुले आणि कुळथाचे पीठ बांधून घेऊन, विमानाने नातवाकडे जाते. कोकणातून हापूस परदेशी जातो हे सर्वांस ठाऊक आहे. आजीही जाते, हे निर्यातीच्या कोष्टकात दाखविलेले नसते. तात्पर्य, तेथेही हिशेबात जे बसत नाही ते बाईमाणसाच्या फुकट श्रमाने भरून निघते. भेद इतकाच, की तेथील सरकारने वही उघडून निम्मे तरी लिहिले आहे. आपण अद्याप पानच आखीत आहो.

ह्यावर काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप संस्कारांचा: मूल आईपाशीच वाढावे, पाळणाघरात माया कोठून मिळणार? हा आक्षेप घेणारे सद्गृहस्थ बहुधा स्वतः मुलापाशी नसतात. २०२४ सालच्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरातील माणसांच्या शुश्रूषेत गुंतलेल्या आढळल्या, पुरुषांपैकी २१.४ टक्के, आणि त्या कामी स्त्रिया दिवसाची सुमारे १४० मिनिटे देतात तर पुरुष ७४. युरोपास बालसंगोपनाचा आदर्श शिकविणारा ‘एमिल’ हा ग्रंथ १७६२ साली रूसोने लिहिला, आणि स्वतःची पाचही मुले अनाथालयात नेऊन पोचविली. संगोपनावरील व्याख्याने आणि संगोपन यांचे वाटप तेव्हापासून बरेचसे असेच चालत आले आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. सरकारने हाही खर्च उचलावा तर तिजोरी कोठवर पुरणार? आमचे उत्तर असे, की हा खर्च नवा नाही. तो आजही होतच आहे. कोणी आपली नोकरी सोडून तो देते, कोणी म्हातारपणाचा विसावा देऊन, कोणी नातवासाठी घरदार सोडून. प्रश्न खर्च करावा की नाही असा नसून, तो एकाच्याच पदरचा असावा की सर्वांनी वाटून घ्यावा, असा आहे. आणि केवळ मालकावर टाकला, तर शहाणा मालक बाईस कामावरच घेणार नाही, किंवा घेईल ती तासावर, म्हणजे कोणत्याच मोजणीत ती बसू नये. १९२८ साली ‘सरकारने’ हा शब्द त्या भाषणात आला होता तो उगीच नव्हे.

मग करावे काय? आम्ही अर्थमंत्री नाही. पण आमच्या गावापुरते सुचवू शकतो. रत्नागिरीत जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद, न्यायालय, जिल्हा रुग्णालय, ही सर्व एकमेकांपासून फार लांब नाहीत. शाळा-महाविद्यालयेही जवळपासच आहेत. अनेक आस्थापनांनी मिळून सामायिक पाळणाघर चालवावे, अशी सवड २०१७ च्या दुरुस्तीतच ठेवलेली आहे. असे एक पाळणाघर तेथे, आणि एक बंदराच्या वाटेवर, सरकारी खर्चाने निघावे. त्यात मूल तासावर घ्यावे. आणि आईची नोकरी कायम आहे की हंगामी, पन्नासांतील आहे की एकटीची, हे दारात कोणी विचारू नये. सांभाळणाऱ्या बाईस मानधन नको, पगार द्यावा. यात क्रांती काहीच नाही. तासावर माणसे नेमता येतात हे ज्या व्यवस्थेस समजले, तिला तासावर मुले सांभाळता येतात हेही समजावयास हरकत नाही.

आमच्या विद्यार्थिनीच्या अर्जास उत्तर आलेले नाही. येत्या सत्रात तिने सकाळचे तास घेतलेले नाहीत. आठवड्याचे चार तेवढे ठेवले आहेत, आणि पीएच.डी.चे काम ‘बाळ जरा मोठे होईपर्यंत’ बांधून ठेवले आहे. ती चांगली शिकविते. सकाळच्या वर्गातील मुले आता दुसऱ्या कोणाकडे शिकतील. आपल्या वाट्याचे काय गेले, हे त्यांस कधी कळणार नाही, आणि तिच्या नोकरीच्या कागदांतही ‘तासिका कमी केल्या’ ह्यापलीकडे काही लिहिलेले राहणार नाही.

ती निदान अर्ज तरी लिहू शकली. हे मासिक ज्या घरांत वाचले जाते त्यांतील पुष्कळांत सकाळी एक बाई येते. भांडी घासते, लादी पुसते, प्रसंगी आपले मूल तासभर खेळविते, आणि दुसऱ्या घरी जाते. अशी चार घरे मिळून तिचा एक दिवस होतो. चार अर्धवेळ नोकऱ्या आणि चार मालक, पैकी एकाच्याही घरी पन्नास कर्मचारी नाहीत. तिचे मूल त्या वेळी कोठे असते, हे आपल्यापैकी किती जणांनी तिला विचारले आहे? सरकारी मदतीचा हक्क मागावयाचा तर आपल्या लेकीसुनांच्या आधी तो तिच्यासाठी मागावा लागेल; आणि तोवर तिच्या पगारात तिच्या मुलाच्या सांभाळाचे चार पैसे आपण घालावयाचे की नाही, हे आपल्याच वहीत पाहून ठरवावे लागेल.